ओला पेपर आणि लाल पेन : इंग्रजीच्या तासाला अलंकार कसे शिकवावेत?

आज एका चुकीबद्दल लिहायचंय. चूक माझीच आहे, त्यामुळे लिहायला तसा संकोच नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्याणजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवत होते. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, वर्गात साठ मुलं आणि फळ्यावर 'सिमिली'. मी व्याख्या लिहून दिली, दोन उदाहरणं दिली आणि गृहपाठ दिला : पाच सिमिली लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या तर सगळ्यांकडे तेच. सिंहासारखा शूर, बर्फासारखा थंड, मधमाशीसारखा उद्योगी, कापसासारखा मऊ. गाइडमधल्या यादीतून उतरवलेलं. मी भराभर बरोबरच्या खुणा करत गेले.

एका वहीत मात्र पाचवं वाक्य वेगळं होतं. 'माय फादर कम्स होम लाइक अ वेट न्यूजपेपर.' माझे बाबा ओल्या पेपरसारखे घरी येतात. मला वाटलं, मुलाला काहीतरी लिहायचं होतं आणि शब्द सापडला नाही. मी लाल पेनाने वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'ॲज टायर्ड ॲज अ डॉग'. माझ्या नियमाप्रमाणे चुकलेलं वाक्य पाच वेळा लिहायचं. त्याने निमूटपणे लिहून आणलं. सहामाहीच्या पेपरात सिमिलीचं उदाहरण विचारलं होतं, तिथेही त्याने तेच लिहिलं. मी पूर्ण गुण दिले.

पुढे पावसाळ्यातच एकदा सकाळी लवकर स्टेशनला जायचं होतं. बाहेर एका प्लॅस्टिकखाली तो मुलगा आणि त्याचे वडील पेपर लावत बसले होते. मी पेपर घेतला. बाजूला एक गठ्ठा भिजून पडला होता. सहज विचारलं, "याचं काय करणार?" वडील म्हणाले, "काय करणार बाई? विकायचा नाही, परत द्यायचा नाही. उचलायला गेलं तर हातात फाटतोय. वाळू दे, मग बघू." 

गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात ते खोडलेलं वाक्य आलं. दिवसभर भिजलेला, जड झालेला, जिथे धराल तिथे फाटेल असा माणूस. साठ वह्यांमधली ती एकच खरी उपमा होती आणि नेमकी तीच मी चूक ठरवली होती. तिच्या जागी जे वाक्य मी दिलं, त्यातला कुत्रा ना त्या मुलाच्या घरचा होता, ना माझ्या.

या लेखातलं माझं म्हणणं त्यातूनच आलं आहे. आपण इंग्रजीच्या तासाला अलंकार 'ओळखायला' शिकवतो, 'करायला' शिकवत नाही. आणि जे कधी केलंच नाही, ते ओळखतासुद्धा नीट येत नाही.

ओळखण्याच्या नादात काय होतं?

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाला ५ गुण असतात. शीर्षक, कवीचं नाव, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे. मुद्दे वाईट नाहीत. पण पाच गुण म्हटलं की आपण सगळे साचा तयार करतो. कविता कुठलीही असो, 'कवीने सोपी आणि प्रभावी भाषा वापरली आहे' हे वाक्य प्रत्येक उत्तरात हमखास असतं. अलंकारांसाठी खुणेचे शब्द पाठ : 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की सिमिली.

मग काय होतं पाहा. 'आय लाइक मँगोज' या वाक्याखाली मुलं सिमिली लिहितात. हसू नका, दरवर्षी दोन-चार वह्यांत मला हे सापडतं. तिथे 'लाइक' म्हणजे आवडणं आहे, हे मुलाला चांगलं माहीत असतं. पण त्याची नजर अर्थाकडे जातच नाही, खुणेच्या शब्दावर थांबते. तसंच, 'तो त्याच्या भावासारखा उंच आहे' या वाक्यात 'लाइक' असूनही उपमा होत नाही. माणसाची माणसाशी, उंचीची उंचीशी नुसती तुलना आहे ती. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र याव्यात आणि त्यांच्यातलं एखादं अनपेक्षित साम्य दिसावं, तेव्हा उपमा होते. बाप आणि ओला पेपर, तशी.

हे आपण मुलांना सांगत नाही. का? कारण परीक्षेत ते कोणी विचारत नाही.

मुलांना हे आधीच येतं, पण दुसऱ्या तासाला

गंमत अशी की मराठीच्या तासाला हीच मुलं उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती, यमक, अनुप्रास, श्लेष शिकत असतात. उपमेय, उपमान, साधारणधर्म, साम्यवाचक शब्द असे चार भाग पाडायलाही त्यांना येतं. घंटा होते, मराठीच्या बाई बाहेर जातात, मी आत येते आणि तीच गोष्ट जणू नवीनच असल्यासारखी नव्या नावाने शिकवायला सुरुवात करते. मुलांच्या डोक्यात दोन कप्पे होतात. या कप्प्यातलं त्या कप्प्यात न्यायची परवानगी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीतलं मूल आठ वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. तरी इंग्रजी हे 'त्यांचं' आणि मराठी हे 'आपलं' ही भिंत तशीच राहते. ती पाडायला अलंकारांसारखा दुसरा धडा नाही.

आपलं मराठीचं अलंकारशास्त्र इथे नुसतं पुरेसं नाही, ते काही ठिकाणी जास्त बारीक आहे. 'सारखा, प्रमाणे, समान' आला की उपमा, आणि 'जणू, वाटे, भासे' आला की उत्प्रेक्षा. दोन्हींत फरक आहे. उपमेत दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या असतात. उत्प्रेक्षेत मन क्षणभर म्हणतं, ही जणू तीच आहे. इंग्रजीत शाळेच्या पातळीवर 'लाइक' आणि 'ॲज इफ' दोन्ही सिमिलीतच टाकतात. आणि 'जणू'ही काढून टाकलं, सरळ 'आहे' म्हटलं, की रूपक, म्हणजे मेटाफर. ही तीन पायऱ्यांची शिडी मी फळ्यावर मराठीत काढते आणि मग शेजारी इंग्रजीत. मेटाफर समजावायला मला पूर्वी अख्खा तास लागायचा. आता दहा मिनिटांत काम होतं, कारण मुलांना शिडी ओळखीची असते.

पर्सॉनिफिकेशन म्हणजे आपली चेतनगुणोक्ती. अलिटरेशन म्हणजे अनुप्रास, पन म्हणजे श्लेष, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती. मेटॉनिमी आली की मुलं गडबडतात, पण मराठीच्या पुस्तकातली शब्दशक्ती आठवून द्या. 'बाबा ताटावर बसले' म्हणजे बाबा खरोखर ताटावर बसत नाहीत, ही लक्षणा त्यांना ठाऊक असते. तिथून पुढे जाणं सोपं आहे.

डोंबिवलीत या शिकवण्याला एक मजेदार उदाहरणही मिळालं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांमुळे चक्क गुलाबी झाला होता. बातम्यांत फोटो आले. आता 'रस्ता गुलाबी झाला' हे वाक्य कवितेचं की बातमीचं? मुलं म्हणतात, बातमीचं. आणि 'रस्ता लाजला' म्हटलं तर? मग चर्चा सुरू होते. एक मुलगी म्हणाली, "बाई, रस्ता कशाला लाजेल? लाजायला पाहिजे त्यांनी, ज्यांनी रंग सोडला." अलंकार म्हणजे नुसती सजावट नाही, त्याने बोलायचं ते नेमकं बोलता येतं, हे त्या दिवशी वर्गाला माझ्याशिवायच कळलं.

देवनागरीचा उपयोग करा

यमकाबद्दल एक छोटी युक्ती सांगते. रसग्रहणात यमकाची रचना लिहायची असते. मुलं ओळींच्या शेवटची स्पेलिंगं पाहतात आणि फसतात. 'कम' आणि 'होम' या शब्दांची शेवटची तीन अक्षरं इंग्रजीत सारखी आहेत, म्हणून यमक लावतात. 'लव्ह' आणि 'मूव्ह'चंही तेच. उलट 'हाय', 'स्काय', 'आय', 'पाय' या चार शब्दांची स्पेलिंगं इतकी वेगळी की यमक आहे हे दिसतच नाही.

उपाय आपल्या हातात आहे. ओळीतला शेवटचा शब्द देवनागरीत लिहायला लावा. कम, होम : नाही जुळत. हाय, स्काय, आय, पाय : जुळलं! यमक कानाने ओळखायचं असतं, आणि आपली लिपी बरीचशी कानाप्रमाणे चालते. अनुप्रासालाही हेच. 'सिटी', 'सन', 'सायकल' देवनागरीत लिहिले की 'स' दिसतो, इंग्रजीत पहिली अक्षरं वेगवेगळी असली तरी. आणि 'नाइफ'चा पहिला 'के' तोंडातून येतच नाही, हेही कळतं. इंग्रजीचे सगळे स्वर देवनागरीत बसत नाहीत हे खरं. पण नववी-दहावीच्या कामापुरतं हे भरपूर आहे. मराठी शाळेतल्या मुलाला आपली लिपी हा इंग्रजीतला अडथळा वाटतो. इथे ती त्याच्या मदतीला येते, आणि ते पाहून त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो बघण्यासारखा असतो.

कोणाची उपमा, कुठली उपमा

उपमा हवेतून येत नाही. ती जिथे माणूस राहतो तिथून येते. इंग्लंड थंड देश, म्हणून इंग्रजीत प्रेमाचं स्वागत 'वॉर्म' असतं. आपल्याकडे मे महिन्यात कल्याण स्टेशनच्या पुलावर उभं राहून कोणी 'वॉर्म' काही मागणार नाही. आपल्याला मायेची सावली लागते, मनाला गारवा लागतो. शेक्सपिअरच्या १८ व्या सुनीतात प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करण्यावरून सुरुवात आहे. आपल्या मुलांना ती तारीफ वाटत नाही, शिवी वाटते! त्यांना आधी तिथला उन्हाळा किती हवाहवासा असतो ते सांगावं लागतं.

घड्याळाला इंग्रजीत हात असतात, मराठीत काटे. सुईला इंग्रजीत डोळा असतो, मराठीत नेढं. इंग्रजीतलं घुबड शहाणं, आपलं अपशकुनी. पाऊस त्यांच्याकडे कुत्र्यामांजरांचा, आपल्याकडे मुसळधार, म्हणजे मुसळाएवढ्या जाड धारांचा. 'मुसळधार' हा शब्द आपण इतक्या वेळा वापरतो की त्यात उपमा दडलीय हे विसरून गेलोय. आणि ज्या ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी रेल्वे आली, त्या आपल्या भागातल्या मुलांना मी विचारते, "आगगाडी म्हणजे काय रे?" आग आणि गाडी. कोणीतरी पहिल्यांदा ते धूड बघितलं आणि जे दिसलं ते सांगितलं. नवीन वस्तूला नाव देणारा तो माणूस कवीचंच काम करत होता.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्यांतल्या उपमा शेतातून, जात्यावरून, चुलीपासून आल्या. आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या आगरी घरांत लग्नात धवळे म्हणणाऱ्या धवलारणी पिढ्यानपिढ्या तोंडपाठ गात आल्या आहेत. अशा घरातून येणारं पोर वर्गात बसलेलं असतं आणि आपण त्याला सांगतो, 'ॲज व्हाइट ॲज स्नो' लिही. त्याने बर्फ पाहिलाय तो गोळेवाल्याकडे, आणि तो लाल असतो!

"पण इंग्रजीत आपल्या गोष्टी शोभतात का?" असं एका सहकाऱ्यांनी मला विचारलं होतं. शोभतात. अरुण कोलटकर मराठीतही लिहायचे आणि इंग्रजीतही. त्यांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ साली आला. विषय काय, तर खंडोबाची जेजुरी, तिथली देवळं, पुजारी, कुत्री, रेल्वे स्टेशन. १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. उलट्या दिशेनेही पाहा. केशवसुत शाळामास्तर होते. इंग्रजी कविता वाचून त्यांनी १४ ओळींचं सॉनेट मराठीत आणलं, ज्याला आपण पुढे सुनीत म्हणू लागलो. मर्ढेकरांनी इंग्रजी शिकवलं, विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. मराठी कवितेची वाट कितीदा तरी इंग्रजीच्या वर्गातून गेली आहे. आपल्याच वर्गात मग ती भिंत कशाला?

मी आता काय करते?

सल्ला देण्यापेक्षा मी काय करते ते सांगते. एका कवितेला मी पाच तासिका देते. पस्तीस मिनिटांच्याच, जादा तास नाही.

पहिल्या तासाला पुस्तक बंद. सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत पाहिलेल्या दहा वस्तू लिहायच्या. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, चालेल. नळ, पाण्याचा ड्रम, शेअर रिक्षा, पुलावरची गर्दी, डबा, ओला रेनकोट. मग एकेक वस्तू घेऊन विचारायचं, ही कशासारखी वाटते? का वाटते? 'का'चं उत्तर देता आलं पाहिजे, एवढीच अट.

दुसऱ्या तासाला त्याच वाक्यांना नावं द्यायची. फळ्यावर चार रकाने : उपमेय, उपमान, साधारणधर्म, साम्यवाचक शब्द. शेजारी इंग्रजी नावं. नाव नंतर येतं, वस्तू आधी. मूल जन्मल्यावरच बारसं करतात ना?

तिसऱ्या तासाला पुस्तकातली कविता. आता मुलं ती वेगळ्या नजरेने वाचतात. कवीने हीच तुलना का केली, दुसरी का नाही, हे विचारतात. काही वेळा म्हणतात, "बाई, हे काही जमलं नाहीये." म्हणू द्या. रसग्रहण म्हणजे काही आरती नव्हे.

चौथ्या तासाला लिहायचं. पाच-सहा ओळी, छोटी वाक्यं, यमकाची सक्ती नाही. यमकाच्या मागे लागलं की मुलं अर्थ सोडतात. 'डे' आला की 'प्ले' येतोच, खेळायचं असो वा नसो. शिरीष पै यांनी मराठीत आणलेला हायकू मी दाखवते, तीन ओळींत केवढं मावतं ते कळावं म्हणून. मात्र अक्षरं मोजायला लावत नाही. शब्दाच्या अक्षरांवरून ओळी करण्याचा प्रकारही मी कमी केलाय. त्यात मूल अक्षराची चाकरी करतं, सांगायचं राहूनच जातं.

पाचव्या तासाला मोठ्याने वाचन आणि दुरुस्ती.

गेल्या वर्षी एका गटाने नळावर लिहिलं. पहाटे पाणी येणाऱ्या चाळीतली मुलं होती. त्यांचं जसंच्या तसं देते :

अवर टॅप इज अ शाय गेस्ट.
इट कम्स ॲट फोर इन द मॉर्निंग.
इट कफ्स ट्वाइस.
मदर रन्स.
बकेट इज अ बिग माउथ.
देन द गेस्ट गोज अवे विदाउट टी.

आमचा नळ लाजरा पाहुणा आहे, पहाटे चारला येतो, दोनदा खोकतो, आई धावते, बादली म्हणजे मोठ्ठं तोंड, मग पाहुणा चहा न घेताच जातो. तिसऱ्या ओळीत आधी 'इट मेक्स साउंड' होतं. मी फक्त विचारलं, "कसला आवाज?" एकाने खोकून दाखवलं. सगळा वर्ग हसला, कारण पाणी यायच्या आधी नळातून हवा येते तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. म्हटलं, "मग तेच लिही की." एका क्रियापदाने ओळ जिवंत झाली. पाचव्या ओळीत बादलीच्या आधी 'द' हवा होता. तो आम्ही शेवटी घातला, कविता वाचून झाल्यावर. आर्टिकल कुठे लागतं हे त्या मुलांना मी आधी कितीदा तरी शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी ते ऐकून घेतलं, कारण ओळ त्यांची होती.

आता याच मुलांना विचारा, मेटाफर कुठला आणि पर्सॉनिफिकेशन कुठलं? पाहुणा हा मेटाफर, खोकणं हे पर्सॉनिफिकेशन. एकही चुकलं नाही.

आक्षेप येणारच

पहिला आक्षेप : पोर्शन कधी संपवायचा? मान्य आहे. साठ-सत्तरचे वर्ग, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, यातून तासिका उरतात किती? म्हणूनच मी प्रत्येक कवितेला हे करा म्हणत नाही. वर्षात दोन कवितांना करा. बाकीच्या कविता मग लवकर होतात, असा माझा अनुभव आहे, कारण अलंकार पुन्हा पुन्हा शिकवावे लागत नाहीत.

दुसरा : ज्यांना साधं वाक्य येत नाही ती मुलं कविता काय लिहिणार? मलाही हे वाटायचं. पण कवितेची ओळ निबंधातल्या वाक्यापेक्षा लहान असते. 'मदर रन्स.' दोन शब्द. निबंधात पानभर मोकळी जागा सोडणारं मूल दोन शब्द लिहू शकतं. सगळ्यांना जमतं असं मात्र मी म्हणणार नाही. काही मुलं शेवटपर्यंत सिंहासारखं शूरच लिहितात. लिहू दे. त्यांना निदान दुसऱ्याचं ऐकायला मिळतं.

तिसरा आक्षेप आजकालचा : मुलं मोबाइलवरून कविता लिहून घेतात. घेतात खरी. दोन मिनिटांत चार कडवी, यमकासकट, एकही चूक नाही. म्हणून मी घरी लिहायला देतच नाही, आणि लिहिलेल्या ओळीबद्दल एक प्रश्न विचारते. "तुमच्या नळाला पाणी किती वाजता येतं?" ज्याची ओळ त्याची स्वतःची आहे त्याला उत्तर लगेच येतं.

चौथा, इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकांचा : आमच्या मुलांना मराठी अलंकार कुठे येतात? २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. शेजारच्या वर्गात मराठीच्या बाई आहेतच. एकदा स्टाफरूममध्ये विचारा, तुमचे अलंकार कधी आहेत? दोघींनी एकाच आठवड्यात घेतले तर दोघींचंही काम हलकं होईल. आणि ठाणे-डोंबिवलीत वर्गात गुजराती, तमिळ, कन्नड, हिंदी घरची मुलं असतात. त्यांनाही विचारा, तुमच्या आजी कशाला काय म्हणतात? माझ्या माहितीत हा प्रश्न विचारून कुठलाही तास वाया गेलेला नाही.

लाल पेनाबद्दल

शेवटी पुन्हा त्या मुलाकडे येते. स्टेशनवर भेट झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं की मी एक वाक्य चुकीचं खोडलं होतं. त्याला विचारलं, परत लिहिशील का? तो मान खाली घालून म्हणाला, "राहू दे ना बाई, गाइडमधलंच बरंय." त्याने वर्षभर दुसरी उपमा लिहिली नाही. माझ्या माफीने ते भरून आलं नाही, आणि का यावं? मुलाने घरातली एक गोष्ट विश्वासाने वहीत आणली होती. मी तिच्यावर रेघ मारली, वर तिच्याविरुद्ध पाच वेळा लिहायला लावलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. कवितेच्या वहीत पहिल्या वाचनाला पेन हातात घ्यायचं नाही. ओळ कळली नाही तर खोडायची नाही, समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह करायचं आणि मुलाला विचारायचं, "असं का वाटलं तुला?" दहापैकी सात वेळा उत्तर असतं, "सहज." दोन वेळा खरंच शब्द चुकलेला असतो, तो दुरुस्त करायचा. उरलेल्या एका वेळी मूल काहीतरी सांगतं.

या सत्रात तुमच्या पुस्तकातली पुढची कविता येईल, तेव्हा एक तासिका बाजूला काढा आणि दहा वस्तूंच्या यादीपासून सुरुवात करून पाहा. लाल पेन त्या दिवशी स्टाफरूममध्येच ठेवा.